वाटाड्याचा प्रश्न

सफरीच्या बोटीवरील उतारूपुढे दर बंदरी सकाळी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो दिसतो तितका क्षुल्लक नाही. रात्रभर चाललेली बोट पहाटे धक्क्याला लागते. सायंकाळी पाच-सहाच्या सुमारास ती पुन्हा निघावयाची असते. मधले आठ-नऊ तास आपले. या वेळात गावातील एखादा गाईड आपल्यापुरता ठरवून त्याच्या मागून जावे, की नकाशा खिशात घालून आपले आपण हिंडावे? बोटीच्या कंपनीने ठरविलेली सहल हा तिसरा मार्ग असतोच. परंतु पन्नास माणसांचा तांडा, प्रत्येकाच्या छातीवर चिकटविलेला आकडा आणि पुढे उंच धरलेली पाटी हा प्रकार ज्यांना मानवतो त्यांच्यापुढे प्रश्नच उभा राहत नाही. म्हणून तो येथे सोडून देतो.

सुशिक्षित माणसाचे उत्तर बहुधा ठरलेले असते: आपले आपण. मीही याच पंथाचा. गाईडच्या मागून जाणे म्हणजे आपली बुद्धी दिवसभर गहाण टाकणे, अशी माझी अनेक वर्षांची समजूत होती. आणि तिला दुजोरा देणाऱ्या ग्रंथांची वाण नाही. 5 जुलै 1841 रोजी थॉमस कुक या दारूबंदीच्या प्रचारकाने सुमारे पाचशे माणसे दरडोई एका शिलिंगात लेस्टरहून लफबरो येथे आगगाडीने नेऊन आणली. पुढे त्याचे तांडे युरोपभर हिंडू लागल्यावर त्यांची टवाळी करणे हा तिकडील लेखकांचा एक छंदच होऊन बसला. खरा प्रवासी निराळा आणि कुकचे गिऱ्हाईक निराळे, हा भेद तेव्हापासून चालत आला आहे. या भेदात विचारापेक्षा कुलाभिमानाचा भाग अधिक असावा, असा मला आता संशय येऊ लागला आहे. ज्यांना पिढीजात फुरसत होती, त्यांना एका शिलिंगाचा माणूस आपल्या शेजारी येऊन बसलेला खपला नाही, एवढेच.

गाईडविषयीची तक्रार मात्र कुकच्याही पूर्वी सतराशे वर्षांची आहे. प्लूटार्क हा स्वतः डेल्फी येथील देवळाचा पुजारी. पण त्याच्याही एका संवादात असा प्रसंग आहे की, डेल्फी पाहावयास आलेल्या मंडळींनी कितीही विनविले तरी तेथील गाईड आपले पाठ केलेले निरूपण आखडते घेत नाहीत आणि एकही शिलालेख वगळत नाहीत. दुसऱ्या शतकात ग्रीस देश पायाखाली घालून त्याचे वर्णन लिहिणारा पॉसेनियस तर याहून मार्मिक गोष्ट सांगतो. अर्गोस येथील गाईडांना आपण सांगतो ते सारेच खरे नाही हे पुरते ठाऊक आहे. तरीही ते तेच सांगत राहतात, कारण लोकांची समजूत पालटणे सोपे नसते. म्हणजे दोष एकट्या गाईडचा नव्हे, ऐकणाऱ्याचाही. हे कबूल करण्याइतका प्रामाणिकपणा आपणा स्वतंत्र हिंडणाऱ्यांत क्वचितच आढळतो.

आपल्याकडे हा प्रश्न या स्वरूपात फारसा कधी उठलाच नाही, कारण आपला वाटाड्या वंशपरंपरेने ठरलेला असे. काशीस, गयेस किंवा त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्याने तीर्थोपाध्याय निवडावयाचा नसतो. गाव आणि आडनाव सांगितले की ज्याचा तो पुढे येतो. या उपाध्यायांच्या लोभाविषयी जे बोलले जाते ते खोटे नाही. पण त्यांच्या वहीची एक गंमत माझ्या मनातून कधी जात नाही. क्षेत्राचा इतिहास त्यांना येवो न येवो, तुमचा इतिहास त्यांना येत असतो. ते वही उघडतात आणि तुमच्या पणजोबांची मोडी सही तुमच्यापुढे धरतात. आजच्या परवानाधारक गाईडचे याच्या नेमके उलट आहे. त्याला स्थळ बिनचूक ठाऊक असते. तुम्ही कोण हे ठाऊक नसते, आणि चार वाजल्यानंतर ते ठाऊक असण्याचे कारणही उरत नाही. हे नाते पैशाचे आणि एका दिवसाचे. अशा नात्याविषयी आपल्या मनात एक प्रकारची अढी असते. माझ्याही होती, ती ज्या दोन दिवसांत हलली त्यांची हकिकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी सौभाग्यवती, माझी थोरली बहीण आणि मी असे तिघे भूमध्य समुद्रातील एका सफरीस गेलो होतो. अक्काने सत्तरी ओलांडली आहे. आयुष्यभर शाळेत शिकविल्यामुळे तिचे इंग्रजी चांगले आहे आणि गुडघे वाईट आहेत. पहिले महत्त्वाचे बंदर तुर्कस्तानातील कुशादासी. तेथून सुमारे वीस किलोमीटरांवर एफेसस या प्राचीन नगरीचे अवशेष. अक्काच्या गुडघ्यांमुळे नाइलाजाने मी तेथे एक गाईड ठरविली. तुर्कस्तानात काय किंवा ग्रीसमध्ये काय, पुराणवस्तूंच्या जागी गाईडचे काम करण्यास सरकारी परवाना लागतो. तो त्या बाईंच्या गळ्यात लटकत होता आणि मी, मोठ्या चोखंदळपणे, तो आधी वाचून घेतला.

एफेसस हे गाईडवाचून पाहण्याचे स्थळ नाही, हे मला तेथे अर्ध्या तासात कळले. मोठ्या नाट्यगृहाच्या पायथ्यापासून एक रुंद फरसबंद रस्ता सरळ पश्चिमेकडे जातो आणि झुडपांत व दलदलीत नाहीसा होतो. एकटा असतो तर हा रस्ता कोठेच जात नाही असे समजून मी पुढे गेलो असतो. बाईंनी अक्काला एका दगडावर सावलीत बसविले आणि म्हणाल्या, "आपण आता धक्क्याकडे तोंड करून बसला आहात." एफेसस हे बंदर होते. नदीने गाळ आणून आणून ते बुजविले, समुद्र काही मैल मागे हटला, आणि बंदर गेल्यावर नगरीही गेली. ज्या बोटीतून आम्ही उतरलो होतो तिच्यासारखीच जहाजे एके काळी या रस्त्याच्या टोकाशी लागत. ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, कारण दिसण्यासारखे तेथे काही उरलेलेच नाही. ती कोणी तरी सांगावीच लागते.

पुढे संगमरवरी रस्त्यावर एका फरशीत पावलाची आकृती कोरलेली आहे आणि तिच्याशेजारी एका स्त्रीचे मस्तक. ही वेश्यागृहाची जाहिरात होय, असे तेथील गाईड पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. आमच्या बाई अक्काकडे पाहून किंचित घुटमळल्या आणि म्हणाल्या, "ही गोष्ट मी सांगितली नाही तर लोक तक्रार करतात. पण तिला पुरावा म्हणावा असा नाही." मला एकदम अर्गोसचे गाईड आठवले. अठराशे वर्षांनंतर निदान एकीने तरी ते बोलून दाखविले होते. अक्काने मात्र वेश्यागृहाची गोष्ट बाजूस ठेवून बाईंना मुले किती, हिवाळ्यात बोटी कमी येतात तेव्हा घर कसे चालते, असले प्रश्न विचारण्यास आरंभ केला. सेल्ससच्या ग्रंथालयाची दुमजली दर्शनी भिंत आमच्यासमोर उभी होती. मुलाने बापाच्या स्मरणार्थ ग्रंथालय बांधावे आणि त्याच्याच पोटात बापाची समाधी ठेवावी, याहून सुंदर श्राद्ध मला माहीत नाही. भूकंपाने पडलेली ही भिंत 1970 नंतरच्या दशकात ऑस्ट्रियन संशोधकांनी तुकडे जुळवून पुन्हा उभी केली. आणि या दोघी तिच्यासमोर अंजिरे वाळत घालण्याविषयी बोलत होत्या! मला थोडा रागही आला, हे लपविण्यात अर्थ नाही. अक्का मध्ये चार वेळा म्हणाली, "जरा थांबू या". बाई चारही वेळा थांबल्या.

दुसरे दिवशी पिरीअस, म्हणजे अथेन्सचे बंदर. येथे मात्र गाईड नको असे मी निक्षून सांगितले. सहा महिने मी अथेन्सवर वाचत होतो. पिरीअसहून शहरात जाणारी आगगाडी 1869 सालापासून चालू आहे. तीच आज तेथील मेट्रोचा पहिला मार्ग आहे. या गाडीने जाणे, मोनास्तिराकी स्टेशनावर उतरणे, अक्रोपोलिसवर चढणे, सारे मी कागदावर मांडून ठेवले होते. 2023 पासून अक्रोपोलिसवर प्रवेशाची वेळ आधी ठरवून तिकीट घ्यावे लागते. तेही मी घेऊन ठेविले होते. म्हणजे माझ्या स्वातंत्र्याचे वेळापत्रक पाठीवरच्या पिशवीत तयार होते.

गाडी वेळेवर मिळाली आणि हाताशी थोडा वेळ उरला, म्हणून आम्ही एर्मू नावाच्या बाजाररस्त्याने जरा पुढे गेलो. तेथे रस्त्याच्या अगदी मधोमध काप्निकारेआ नावाचे अकराव्या शतकातील एक लहानसे देऊळ आहे. दोन्ही बाजूंनी कपड्यांची दुकाने, मध्ये हे विटा-दगडांचे ठेंगणे मंदिर, आणि आत मेणबत्ती लावण्यास आलेल्या बाजारकरणी बाया. अक्का आत जाऊन एका खुर्चीवर बसली ती उठेना. मी घड्याळ पाहिले. आमच्या तिकिटाची वेळ जवळ येत होती. मी दोनदा खाकरलो, तिसऱ्यांदा तिच्या खांद्यास हात लावला. ती उठली.

वर चढताना मी बोलत होतो. इसवी सनापूर्वी 447 साली पार्थेनॉनला आरंभ झाला. 1687 साली तुर्कांनी आत दारूगोळा भरून ठेवला असता व्हेनिसच्या तोफेचा गोळा येऊन पडला आणि मधला भाग उडाला. पुढे लॉर्ड एल्गिनने शिल्पे काढून विलायतेस नेली. यातील एकही वाक्य चूक नव्हते. उन्हात चढणीवर ते कोणासही नको होते, इतकेच. शिवाय एक गोष्ट अशी घडली की ती लिहिताना अजून संकोच वाटतो. पार्थेनॉनपाशी एक गाईड आपल्या चार माणसांना समजावीत होता की, या इमारतीतील ज्या रेषा आपणास सरळ वाटतात त्या सरळ नाहीत. पायऱ्या मध्यभागी किंचित फुगलेल्या आहेत आणि खांब किंचित आत झुकले आहेत. मी वाचले होते, पण समजले नव्हते. म्हणून मी नकाशा पाहत असल्याचे सोंग करून जवळ सरकलो. त्याच्या ध्यानात आले आणि त्याने आपला आवाज खाली आणला. ज्या माणसाची विद्या विकत घेण्यास मी तत्त्वासाठी नकार दिला होता, तीच मी आता उचलून नेत होतो. आपले आपण हिंडणारे किती तरी लोक ही चोरी रोज करतात आणि तिला चोरी म्हणत नाहीत.

परतीच्या गाडीत अक्का बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "कालच्या त्या बाईंना मला थांबा म्हणता येत होते रे. तुला कसे म्हणू?"

या वाक्याने माझा पंथ बुडाला असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतर त्यात पूर्वीसारखे सुखाने राहता आले नाही. गाईड की स्वतंत्र हिंडणे, असा वाद आपण घालतो तेव्हा एकट्या माणसाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवतो. प्रत्यक्षात बोटीच्या सफरीस जाणारी माणसे बहुतेक कुटुंबाने जातात; आणि कुटुंबात 'आपले आपण' असे काही नसते. एकाने पुस्तके वाचलेली असतात, नकाशा त्याच्या हाती असतो, घड्याळ त्याच्या मनगटावर असते. स्वातंत्र्य असते ते त्या एकाचे. बाकीच्यांना वाटाड्या मिळालेलाच असतो. फक्त तो परवाना नसलेला, चिडखोर आणि ज्याला रजा देता येत नाही असा असतो. पैसे दिलेल्या माणसास थांबविता येते, वगळा म्हणता येते, मूर्ख प्रश्न विचारता येतो. भावाला, नवऱ्याला किंवा मुलाला हे सांगावयाचे म्हणजे त्याचे सहा महिन्यांचे वाचन, त्याची हौस, त्याचे प्रेम सारेच मोडल्यासारखे होते. म्हणून बिचारी माणसे गुडघे दाबीत चढत राहतात. पैशाचे नाते हलके आणि मायेचे नाते उंच, असे आपण सरसहा मानतो. पण हलकेपणाचा एक गुण असा की ते खाली ठेवता येते.

यावर कोणी म्हणेल की, एकटा असेल त्याचे काय? त्याचा हक्क मी नाकारीत नाही. एकट्याने अथेन्स पाहण्याच्या ज्या हकिकती प्रसिद्ध आहेत त्यांत मार्क ट्वेनची मला सर्वांत आवडते. 1867 साली तो 'क्वेकर सिटी' या सफरीच्या जहाजातून पिरीअसला आला, तेव्हा जहाजास सूतक, म्हणजे क्वारंटाइन लागले होते. कोणी किनाऱ्यावर उतरावयाचे नव्हते. ट्वेन आणि त्याचे तीन सोबती रात्री चोरून उतरले, वाटेत द्राक्षे लांबविली, आणि चांदण्यात अक्रोपोलिस पाहून उजाडण्याच्या सुमारास परत आले. वाचताना कोणासही हेवा वाटेल. मीही वर्षानुवर्षे हाच प्रसंग स्वतंत्र प्रवासाचा आदर्श म्हणून सांगत असे. पण क्वारंटाइन कोणाच्या रक्षणासाठी असते? त्या काळी भूमध्य समुद्राच्या बंदरांना पटकीची धास्ती होती. चौघांच्या त्या चांदण्या रात्रीची जोखीम अथेन्सच्या झोपलेल्या लोकांच्या अंगावर होती, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. स्थळ पाहावयाचे, माणसांशी मात्र काडीचा संबंध ठेवावयाचा नाही, हा स्वतंत्र हिंडण्याचा दोष त्या सुंदर प्रसंगातही आहे. आठ तासांच्या मुक्कामात त्या देशाच्या एखाद्या माणसाशी आपला बोलण्याचा संबंध येतो तो बहुधा गाईडशीच. त्याला टाळले की उरतात तिकीटवाला, वाढपी आणि हातातील दूरध्वनी. आणि त्या दूरध्वनीत आपल्याआधी येऊन गेलेल्या हजारो परक्यांची मते असतात. त्या मतांच्या मागून चालणे आणि पाटीच्या मागून चालणे यांत मला तरी फार अंतर दिसत नाही.

गाईड घेतला म्हणजे सारी जबाबदारी त्याची, हीही समजूत तितकीच भोळी आहे. 2024 च्या मार्च महिन्यात आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ तोमे बेटावर आठ उतारू बाहेरच्या गाईडची सहल करून उशिरा परतले, आणि त्यांची बोट त्यांना न घेताच निघाली. पुढे अनेक देश ओलांडून सेनेगलमध्ये त्यांना ती गाठावी लागली. कंपनीच्या स्वतःच्या सहलीस उशीर झाला तर बोट सामान्यतः थांबते. इतरांसाठी थांबत नाही. या नियमाविषयी पुष्कळ आरडाओरडा होतो. मला तो अन्यायाचा वाटत नाही. बोटीवर दोन-तीन हजार माणसे आणि पुढच्या बंदरात ठरलेली जागा असते. अन्याय असलाच तर तो घड्याळ कोणाकडे आहे हे न ठरविता घराबाहेर पडणाऱ्याचा आपल्या सोबत्यांवर होतो.

अथेन्सनंतर बोट काताकोलो या लहानशा बंदराला लागली. तेथून ऑलिम्पिया जवळ आहे. आदल्या रात्री जेवताना मी अक्काला विचारले, "उद्या काय करावयाचे? तू सांग." ती म्हणाली, "गाईड नको. आणि तूही नको." शेवटी असे ठरले की भाड्याची मोटार करून तिघांनी जावे, आणि मला काही विचारल्याखेरीज मी बोलू नये. पॉसेनियसने ऑलिम्पियाला आपल्या ग्रंथात किती जागा दिली आहे हे मला पाठ होते. ते मी पोटातच ठेवले. अवशेषांत पाइन वृक्षांची सावली पुष्कळ आहे. अक्का तीन ठिकाणी मनसोक्त बसली. सौभाग्यवतींनी मला एक प्रश्न विचारला, त्याचे मी एका वाक्यात उत्तर दिले, आणि त्या माझ्याकडे आश्चर्याने पाहत राहिल्या.

मग आम्ही कमानीखालून शर्यतीच्या मैदानात आलो. धावण्याची सुरुवात जेथून होई तेथे दगडांची एक लांब पट्टी जमिनीत बसविलेली आहे आणि तिच्यात दोन समांतर खाचा आहेत. अक्काने विचारले, "या खाचा कशाला?" सहा महिन्यांच्या वाचनात या खाचा कोठेच आल्या नव्हत्या. मी म्हणालो, "मला माहीत नाही." ती एक क्षण माझ्याकडे पाहून हसली आणि शेजारी उभ्या असलेल्या एका तांड्याकडे गेली. गाईडचे बोलणे संपेपर्यंत ती बाजूस थांबली, मग आपण त्याच्या मंडळींपैकी नाही हे आधी सांगून तिने त्याला तोच प्रश्न विचारला. तो ग्रीक तरुण आपले माणूस असल्यासारखा तिच्याबरोबर पट्टीपर्यंत चालत आला आणि आपल्या बुटाच्या टोकाने दाखवू लागला: पायाची बोटे रोवण्यासाठी, एक पाऊल पुढच्या खाचेत, एक मागच्या. त्याने असेही सांगितले की, विवाहित स्त्रियांना हे सामने पाहण्याची मनाई असे. अपवाद एका पुजारिणीचा. अक्काने त्याचे आभार मानले. मग माझा हात धरून तिने चपला काढल्या आणि दोन्ही पावलांची बोटे त्या खाचांत घातली.